संस्थेचं काम फुकट करावं का? अकरा वर्षांनंतर पडलेला प्रश्न

वाळवंटीकाठ

नमस्कार. इथे नेहमी वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, पण मागचं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

मुलांचे वर्ग चालवणाऱ्या ज्या संस्थेचं डिझाईनचं काम मी फुकट करते, तिचा एक अर्ज गेल्या जूनमध्ये मुदतीत गेला नाही आणि त्याला कारण मी होते. एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीतून वर्षाला चार लाख मिळण्याची शक्यता होती. त्यात दोन शिक्षिकांचं मानधन आणि गोव्यातल्या सत्तरी तालुक्याच्या आतल्या वाड्यांवरून मुलांना आणणाऱ्या गाडीचं भाडं निघालं असतं. अर्जासोबत मागच्या तीन वर्षांचे अहवाल आणि चालू वर्षाचा अहवाल नीट मांडणी करून जोडायचा होता. सगळं माझ्या लॅपटॉपवर. आई अंगणात घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं आणि मी तीन आठवडे बांबोळीच्या इस्पितळात तिच्याजवळ होते. सचिवांचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा आईची चौकशी केली आणि अहवालाचा विषयही न काढता ठेवून दिला. नंतर म्हणाले, "तू त्या धावपळीत, तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

घरी आल्यावर मी एक दिवस बसून तपासलं. संकेतस्थळाचं डोमेन माझ्या ईमेलवर. फेसबुक पानाचा पासवर्ड माझ्या डायरीत. बोधचिन्हाची मूळ फाईल फक्त माझ्याकडे. संस्थेच्या कपाटात एक जुनी सीडी होती, आणि व्हॉट्सअॅपवरून फिरून फिरून कडा फाटलेलं एक जेपीजी, जे ते लेटरहेडपासून फुटबॉलच्या जर्सीपर्यंत सगळीकडे वापरत होते.

आता मागचं. मी स्वतंत्र डिझायनर आहे. आल्तिनोच्या कला महाविद्यालयात शिकले, पणजीत एका जाहिरात कंपनीत चार वर्षं काढली, मग घरूनच काम घ्यायला लागले: हॉटेलांची मेन्यू कार्डं, रिसॉर्टची माहितीपत्रकं, काजूचे खोके. संस्थेशी नातं जुळलं ते २०१३च्या शिगम्याच्या सुमाराला. आदल्या सप्टेंबरात सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या होत्या आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाचाही बंदीचा आदेश आला होता. डिचोली-सत्तरीतल्या कुणाला ते वर्ष समजावून सांगावं लागत नाही. दारात ताडपत्री घातलेले खनिजाचे ट्रक, बँकेचे हप्ते, दिवसभर घरी बसलेले बाप. मुलांना अभ्यासाला घरात शांतता उरली नव्हती, म्हणून गावातल्या चार-पाच कॉलेजच्या पोरांनी देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) संध्याकाळचा वर्ग सुरू केला. त्यांनी माझ्याकडे एक फ्लेक्स मागितला. मी करून दिला. पैशांची गोष्ट त्यांच्याही मनात आली नाही आणि माझ्याही.

त्या वर्गाची पुढे रीतसर नोंदणी झाली. आज तीन ठिकाणी केंद्रं चालतात, सव्वाशेच्या आसपास मुलं येतात. अभ्यास, फुटबॉल, वाचनालय, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधी महिनाभर घुमट, म्हणजे आमचं मातीचं चर्मवाद्य. (घोरपडीचं कातडं बंद झालं ते बरंच झालं, आमची मुलं बकऱ्याच्या कातड्याची घुमटं वाजवतात.) दहावीनंतर कुठे जायचं याचं मार्गदर्शन हे सगळ्यात चांगलं चालणारं काम. आणि यातल्या प्रत्येक गोष्टीचं पत्रक, प्रमाणपत्र, फलक, अहवाल मी केलेला आहे.

बोधचिन्हाचं सांगायलाच हवं, कारण ते करताना मी या कामात खऱ्या अर्थाने शिरले. आधी मी उघडं पुस्तक आणि त्यातून वर येणारा सूर्य असं काहीतरी केलं होतं. रेषा स्वच्छ, रंग दोनच, छपाईला सोपं. वर्गाच्या भिंतीवर लावलं. सहावीतला एक मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "टीचर, बरें आसा, पूण हें आमचें न्हय." मी सगळ्यांना कागद दिले. अर्ध्या मुलांनी ट्रक काढले. मला नेमका तोच विषय चिन्हात नको होता. एका मुलीने माटोळी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती रानातल्या फळापानांची चौकट, काढली होती. म्हणाली, आमच्या वाड्यावर प्रत्येक घरातून काहीतरी रानातलं आणतात आणि मग ती भरते. मला पुढचा रस्ता दिसला. आजचं बोधचिन्ह म्हणजे माटोळीची चौकट आहे, तिच्या चौकोनांतून कांगलां, आंबाडे, सुपारीचा घोस लटकतात, आणि प्रत्येक वस्तू वेगळ्या मुलाने काढलेली आहे. एका चौकोनात ट्रकही आहे. रंग एकच, कावीचा तांबडा. तो रंग आमच्या देवळाच्या जुन्या भिंतीवर आहे आणि ट्रकच्या चाकांनाही तोच लागलेला असायचा.

हे सगळं मी फुकट केलं आणि आनंदाने केलं. रात्री साडेदहाला रिसॉर्टचं काम संपवून प्रमाणपत्रांवर मुलांची नावं टाकताना मला कधी ओझं वाटलं नाही. पण जूननंतर दोन गोष्टी घडल्या.

एक, समितीने पर्याय म्हणून दुसऱ्या एका डिझायनरला अहवालाचा दर विचारला. त्याने चोवीस पानांचे, इंग्रजी आणि मराठी अशा दोन आवृत्त्यांचे पस्तीस हजार सांगितले. माझ्या मते रास्त दर आहे. बैठकीत एक सदस्य म्हणाले, "एवढ्याशा कामाला?" ते माझ्यासमोर म्हणाले आणि त्यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. त्यांना खरोखरच वाटत होतं की हे काम एवढंसं आहे. अकरा वर्षं मी त्यांना तेच दाखवत आले होते.

दोन, संस्थेतूनच शिकून गेलेला एक मुलगा आता म्हापशात फ्लेक्सच्या दुकानात डिझाईनचं काम करतो. हात चांगला आहे. मी त्याला म्हटलं, तू संस्थेची कामं घे ना. तो म्हणाला, "ताई, तू फुकट करतेस. मी पैसे मागितले तर मी लोभी ठरेन, आणि फुकट करायला माझ्याकडे वेळ नाही."

त्या वाक्यानंतर मला झोप आली नाही. माझ्या फुकट कामामुळे संस्थेच्या अंदाजपत्रकात छपाईचं कलम आहे पण डिझाईनचं नाही, आणि ज्या मुलांसाठी हे सगळं चाललंय त्यांच्यातल्याच एकाची वाट मी अडवून बसले आहे. सोडायचं नाही हे नक्की. पण कसं राहायचं? तुमच्यापैकी कुणी संस्था चालवता, कुणी अशीच कामं करता. अनुभव सांगा.

खजिनदार

ताई, मी फोंडा तालुक्यातल्या एका लहान संस्थेचे हिशेब बघतो. तुमची तळमळ कळली, पण दुसरी बाजू मांडतो.

आमची वर्षाची जमा सहा लाखांच्या आत आहे. त्यात भाडं, वीज, चार शिक्षिकांचं तुटपुंजं मानधन, वह्या आणि वर्षातून एक सहल. पस्तीस हजार म्हणजे एका शिक्षिकेचे सात महिने. मी ते अहवालाच्या मांडणीला देऊ शकत नाही. दिले तर मला झोप लागणार नाही.

आणखी एक. आमच्याकडे तबला शिकवणारे सर फुकट येतात. वकील फुकट कागद बघून देतात. एक डॉक्टर बाई वर्षातून दोनदा मुलांना तपासतात. यांच्यातल्या कुणाला "तुमच्यामुळे दुसऱ्याची वाट अडते" असं वाटलेलं नाही. गोव्यात देवळं, उत्सवातली नाटकं, वाचनालयं सगळी अशाच हातांवर उभी राहिली. उद्या प्रत्येक कामाचं बिल यायला लागलं तर लहान संस्था बंद पडतील आणि मोठ्या, शहरातल्या, कार्यालयं असलेल्या संस्था तेवढ्या उरतील.

तुमची अडचण फुकट कामाची आहे असं मला वाटत नाही. फायली एका माणसाकडे होत्या, ही अडचण आहे. पैसे घेऊनही तसंच झालं असतं.

खिळेजुळारी

खजिनदारांचं शेवटचं वाक्य मी छापखान्यात बसून चाळीस वर्षं बघतोय.

मी म्हापशाला खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवण्यापासून सुरुवात केली, मग संगणकावरची मांडणी, डीटीपी, आलं, मग ऑफसेटच्या प्लेटी थेट निघायला लागल्या. माणसं फाईल मागताना "ओपन फाईल द्या" म्हणतात, पण ओपन फाईल म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नसतं. डिझायनर अक्षरं कर्व्ह करून पाठवतो, म्हणजे छापताना फॉन्टची भानगड होत नाही. छपाईला ते उत्तम. पण तीच फाईल कपाटात ठेवली तर पुढच्या वर्षी त्यातलं "२०२४" बदलून "२०२५" करता येत नाही, कारण ती अक्षरं राहिलेली नसतात, नुसते आकार असतात.

तेव्हा बाय, संस्थेला देताना प्रत्येक कामाच्या दोन फायली दे. एक छपाईची पीडीएफ, ब्लीड (कडेबाहेरचा जादा रंग) आणि कटमार्क (कापायच्या खुणा) यांसकट. दुसरी, अक्षरं जिवंत असलेली. आणि सोबत फॉन्ट. इथे खरी मेख आहे. तू विकत घेतलेला फॉन्ट तू संस्थेला वाटू शकत नाहीस, परवाना तुझ्या नावाचा. म्हणून संस्थांची कामं पहिल्यापासून खुल्या परवान्याच्या फॉन्टमध्ये करावीत. मुंबईच्या 'एक टाईप' या फॉन्ट करणाऱ्या गटाने केलेले 'मुक्त', 'बलू' वगैरे फॉन्ट कुणालाही फुकट वापरता येतात, वाटता येतात, आणि युनिकोड आहेत, म्हणजे त्यातला मजकूर कुठल्याही संगणकावर वाचता येतो.

जुने अहवाल श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये, असतील तर तो मजकूर आत्ताच युनिकोडमध्ये बदलून घे. आमच्याकडे एका वाचनालयाचा पन्नास वर्षांचा इतिहास जुन्या फॉन्टमध्ये अडकला होता. उघडला की इंग्रजी अक्षरांचा चुरा दिसायचा. परिवर्तक वापरला, तरी जोडाक्षरं हाताने तपासावी लागली. पावणेदोन महिने गेले.

आकडेमोड

हिशेबाच्या अंगाने थोडं लिहितो, कारण यात गैरसमज फार असतात.

पुष्कळ डिझायनर विचारतात, "पस्तीस हजारांचं काम फुकट केलं, त्याची ८०जीची (देणगीवर प्राप्तिकरात वजावट देणारी) पावती मिळेल का?" मिळणार नाही. ८०जी फक्त पैशाच्या देणगीला आहे. वस्तू किंवा सेवा दिली तर वजावट नाही. रोख दिलेत तर दोन हजारांच्या वर नाही. आणि तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल तर ती वजावट मुळातच नाही. तेव्हा करासाठी काही उलटसुलट व्यवहार करायच्या फंदात पडू नका.

पण कर बाजूला ठेवून एक गोष्ट करता येते. संस्थेने फी द्यावी, बँकेतून, रीतसर बिलावर. तुम्हाला त्यातले काही परत द्यायचे असतील तर देणगी म्हणून वेगळ्या व्यवहाराने द्या. फी तुमच्या उत्पन्नात धरली जाईल आणि देणगीची नोंद संस्थेच्या देणग्यांच्या विवरणात जाईल. दोन कागद जास्त होतात, पण संस्थेच्या खर्चाच्या बाजूला "डिझाईन" असं कलम दिसायला लागतं. निधी देणारी कंपनी तीन वर्षांचे ताळेबंद मागते तेव्हा जो खर्च कधी झालाच नाही त्यासाठी पैसे मागणं अवघड जातं. मी अशा अर्जांचे हिशेब बघतो, तिथे पहिला प्रश्न हाच असतो की मागच्या वर्षी यावर किती खर्च केला होता?

पैसे घ्यायचेच नसतील तर किमान बिल तरी द्या. पूर्ण रक्कम लिहा, खाली "संस्थेसाठी सेवादान" म्हणून तेवढीच वजा करा, देय शून्य. हिशेबात त्याची नोंद जमाखर्च म्हणून होणार नाही, पण वार्षिक अहवालात "मिळालेल्या सेवा" या टिपेत आकडा लिहिता येतो. तबल्याच्या सरांचे तास आणि डॉक्टर बाईंच्या तपासण्याही त्यात येऊ द्या. खजिनदार, तुमच्या संस्थेलाही हे करून बघा. तुमच्या सहा लाखांच्या संस्थेत प्रत्यक्षात किती लाखांचं काम होतं ते तुम्हालाच पहिल्यांदा दिसेल.

रातांबा

मी कधी इथे लिहीत नाही. आज लिहिते.

मी अशाच एका केंद्रात शिकले. ताईंचं नाही, दुसरं. आठवीत असताना माझा एक फोटो काढला होता. पावसाळ्याचे दिवस, भिजलेली वेणी, मी वहीत बघत होते. तो फोटो पत्रकावर आला. खाली लिहिलं होतं, "हिला तुमच्या मदतीची गरज आहे." मला तेव्हा फोटो आला म्हणून आनंदच झाला. घरी आईने पत्रक बघितलं आणि काही न बोलता घडी करून फडताळात ठेवलं.

ते पत्रक नऊ वर्षं छापलं गेलं. मी बारावी झाले, नर्सिंग केलं, नोकरीला लागले, लग्न ठरलं, तरी मी त्या पत्रकावर आठवीतच होते आणि मला मदतीची गरज होती. माझ्या होणाऱ्या सासूबाईंना ते बँकेत काउंटरवर मिळालं. त्या भल्या आहेत, त्यांनी मला फक्त विचारलं, "ही तूच ना?" मी हो म्हटलं. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

त्या केंद्राचं माझ्यावर ऋण आहे. तिथल्या बाईंनी मला गणित शिकवलं म्हणून मी आज उभी आहे. कुणी दुष्टपणाने केलं नाही. पत्रक करणारं माणूस बहुतेक ताईंसारखंच रात्री बसून, फुकट, प्रेमाने करत असेल. पण त्या माणसाने मला कधी बघितलंच नव्हतं, फोटो फक्त फाईलमध्ये होता. ताईंनी मुलांना कागद देऊन विचारलं, ते वाचून मला हे लिहावंसं वाटलं.

वाळवंटीकाठ

रातांबा, तुझं लिहिणं दुपारी वाचलं आणि काम बाजूला ठेवून आमचे जुने अहवाल काढून बसले. पत्रकांवर आम्ही चेहरे टाळतो, हात, पाठमोरी मुलं, मैदान असं घेतो. पण २०१६च्या अहवालात एक मुलगा आहे, पूर्ण पानभर, डोळ्यांत बघणारा. सुंदर फोटो आहे म्हणून मीच घेतला होता. त्याचे वडील तेव्हा काय म्हणाले असतील ते मी कधी विचारलं नाही. तो अहवाल अजून संकेतस्थळावर आहे. आज उतरवला. त्या मुलाचा नंबर मिळवून उद्या बोलणार आहे. तू लिहिलंस म्हणून हे झालं. देव बरें करूं.

खजिनदार, तुमच्या मुद्द्यावर दोन दिवस विचार केला. देवळं आणि नाटकं अशाच हातांवर उभी राहिली हे अगदी खरं. माझे आजोबा उत्सवाच्या नाटकांचे पडदे रंगवायचे, त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. पण त्यांच्या पडद्याची गावात किंमत होती. वर्षातून एकदा, नाटक सुरू होण्याआधी, रंगमंचावर बोलावून नारळ द्यायचे आणि सगळ्या गावाला कळायचं की हा पडदा कुणी, किती दिवस बसून केला. माझं काम तसं दिसत नाही. पीडीएफ ईमेलने जाते. आकडेमोड म्हणतात तो शून्याचा कागद म्हणजे माझ्या दृष्टीने तो नारळ आहे. तबल्याच्या सरांना विद्यार्थी समोर दिसतात, मला वाटतं हाच फरक आहे.

शाळामास्तर

रातांबाच्या लिहिण्यानंतर कायद्याचं बोलणं कोरडं वाटेल, पण गरजेचं आहे. आमच्या शाळेत आम्ही प्रवेशाच्या वेळीच पालकांकडून एक सरसकट संमती घ्यायचो, "शाळेच्या कामासाठी फोटो वापरण्यास हरकत नाही." आता ते बंद केलं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती मागितली आहे. आणि बालगृहातली किंवा संरक्षणाची गरज असलेली मुलं असतील तर २०१५च्या बालन्याय कायद्याच्या कलम ७४ने त्यांची ओळख पटेल असं काहीही छापायला मनाई आहे. फोटोच नव्हे, नाव आणि शाळाही.

आमची पद्धत अशी आहे. फोटो कशावर जाणार ते पालकांना दाखवायचं, मजकुरासकट. मुलालाही दाखवायचं. आणि संमती एका वर्षाची. वर्ष संपलं की ते छापील साहित्य काढून टाकायचं किंवा पुन्हा विचारायचं. खर्च वाढतो, हे खरं आहे. रातांबाची नऊ वर्षं आठवली तर वाढू दे म्हणावंसं वाटतं.

मोपाकडचा

एक प्रश्न. फलक कुठल्या भाषेत करता? आमच्या पेडण्यात यावर बैठकाच्या बैठका जातात.

वाळवंटीकाठ

आमच्याकडेही जातात. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीच्या वापराचीही सोय ठेवली, पण तीन बाय चारच्या फलकाला त्याने मदत होत नाही. मुलं बोलतात कोकणी. त्यांचे आईवडील शाळेत मराठी शिकले, वर्तमानपत्र मराठी वाचतात. निधी देणारे इंग्रजी वाचतात. आणि एका केंद्रावर चर्चच्या बाजूची मुलं येतात, त्यांच्या घरी रोमीच (रोमन लिपीतली कोकणी) चालते.

मी सगळं एकाच फलकावर कोंबणं सोडून दिलं. मुलांना उद्देशून असेल ते कोकणीत, देवनागरी मोठी आणि खाली रोमी. पालकांना उद्देशून असेल ते मराठीत. अहवाल इंग्रजी आणि मराठी. कुणाशी बोलतोय ते ठरलं की भाषेचा वाद निम्मा मिटतो. उरलेला निम्मा समितीत चालू राहतो आणि राहू दे, लोकांना आपल्या भाषेची काळजी आहे म्हणूनच तो होतो.

कायदेकानू

धागा वाचताना एक गोष्ट कुणी काढली नाही म्हणून लिहिते. ते बोधचिन्ह कायद्याने आज संस्थेचं नाही.

१९५७च्या स्वामित्वहक्क कायद्याप्रमाणे कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. नोकरीत असताना केलं असेल तर मालकाचं, पण ताई नोकरीत नव्हत्या. हक्क दुसऱ्याकडे द्यायचा तर कलम १९प्रमाणे लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. तोंडी "हे तुमचंच" म्हणून चालत नाही. आणि लिहून देताना मुदत लिहिली नाही तर तो हक्क पाचच वर्षांचा धरतात, प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरताच. म्हणून कागदावर "स्वामित्वहक्काच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभरासाठी" असं स्पष्ट लिहा.

ताईंच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. त्यातल्या आकृती मुलांनी काढल्या आहेत. तेव्हा त्या मुलांच्या, आणि जे अजून अठरा वर्षांखालचे असतील त्यांच्या पालकांच्याही, सह्या घ्याव्यात हे उत्तम. बाकीची मुलं आता मोठी असतील, स्वतःच सही करू शकतील.

वाळवंटीकाठ

हे मला खरंच ठाऊक नव्हतं. मुलं अकरा होती. नऊ जणांचा पत्ता आहे.

रविवारी समितीची बैठक आहे. इथे सगळ्यांनी लिहिलेलं छापून घेऊन जाणार आहे.

वाळवंटीकाठ

बैठक झाली. चार तास चालली, मध्ये भाजीपाव आणि चहा.

अंदाजपत्रकात डिझाईनसाठी वर्षाला चोवीस हजारांचं कलम घातलं. पस्तीस जमणार नव्हते आणि खजिनदारांचं लिहिणं वाचून मी त्यावर अडून बसले नाही. त्या चोवीस हजारांत वर्षाचे फलक, प्रमाणपत्रं आणि पत्रकं म्हापशाचा तो मुलगा करेल, बिल देऊन, बँकेतून पैसे घेऊन. अहवाल यंदा मी करणार, शून्याच्या कागदासह. पुढच्या वर्षी आम्ही दोघं मिळून, त्याच्या पुढे तो. त्याने आधी नको म्हटलं होतं. मी त्याच्या दुकानात जाऊन तासभर बसले, तेव्हा कळलं की त्याला पैशांपेक्षा माझ्या कामाशी तुलना होण्याची भीती होती. प्रूफ मी बघेन, पण समितीला दाखवायला तोच जाईल असं ठरलं.

अध्यक्षांना अजून पटलेलं नाही. त्यांचं म्हणणं, "घरच्या माणसाला कुणी पैसे देतं का?" त्यांनी २०१३मध्ये स्वतःचा ट्रक विकून आलेल्या पैशांतून मुलांसाठी बाकं आणली होती. त्यांच्याशी या विषयावर मी वाद घालणार नाही. ठरावाच्या विरोधात त्यांनी हात वर केला नाही, तेवढं मला पुरे आहे.

डोमेन संस्थेच्या ईमेलवर गेलं. पासवर्ड सचिव आणि एका तरुण सदस्याकडे. फायली दोन हार्डडिस्कवर, एक कार्यालयात आणि एक वाचनालयात, खिळेजुळारी दादांनी सांगितलं तशा. श्रीलिपीतले पहिले दोन अहवाल बदलायचे राहिलेत. स्वामित्वहक्काच्या कागदावर माझी आणि सात मुलांची सही झाली. आठवा दुबईला आहे, चवथीला येईल. माटोळी काढणारी मुलगी आता डिचोलीत शिक्षिका आहे. सही करताना तिने विचारलं, "ते आंबाडे मी काढले होते की माझ्या भावाने?" आम्हा दोघींनाही आठवेना, म्हणून भावाचीही घेतली.

२०१६च्या त्या मुलाशी बोलले. तो म्हणाला, फोटो राहू दे, मला आवडतो, पण खालची ओळ काढ. मी ती ओळ पुन्हा वाचली. "परिस्थितीशी झुंजणारा" असं लिहिलं होतं. आता तिथे त्याचं नाव आणि तो फुटबॉलमध्ये कुठे खेळायचा ते येईल, त्यानेच सांगितल्याप्रमाणे. नवीन संमतीपत्रावर त्याने स्वतः सही केली.

रातांबा

वाचलं. आईलाही वाचून दाखवलं.

खजिनदार

चोवीस हजारांचा आकडा मी आमच्या बैठकीत ठेवून बघतो. आमच्याकडून बारा होतील. आकडेमोड, त्या "मिळालेल्या सेवा" टिपेचा एखादा नमुना असेल तर इथे टाका. तबल्याच्या सरांचे तास मी लिहायला सुरुवात केली आहे.

वाळवंटीकाठ

म्हापशाहून चवथीच्या पत्रकाचं पहिलं प्रूफ आलंय. माटोळी छान बसवली आहे, माझ्यापेक्षा मोकळी. फक्त "ल" आणि "श" हिंदी वळणाचे आलेत. दादा, हे कुठे बदलतात ते त्याला तुम्हीच समजावून सांगाल का? मी सांगितलं तर तो नुसतं हो म्हणेल.

खिळेजुळारी

त्याला म्हणावं मजकूर निवडून भाषा मराठी कर, फॉन्टमध्ये सोय असेल तर दोन्ही अक्षरं आपोआप बदलतील. आणि परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर (आपल्या लिप्यांची अक्षरं नीट जुळवणारी सोय) लावलाय का बघ, नाहीतर जोडाक्षरं फुटतील. शुक्रवारी बाजाराला मी म्हापशातच असतो. दुकान कुठे आहे ते कळव, अकराच्या सुमाराला जाऊन येतो.